गवई साहेबांचे वाकडे तास

पाऊस झोडपायला लागला की शहाणा माणूस घरात बसतो. आमचे कृषी सहाय्यक गवई साहेब नेमके तेव्हाच निघत. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, बगळ्यासारखे पाय आणि पिशवीत रिकाम्या बाटल्या. ज्याच्या वावरातून पाणी नाल्याला पळतं आहे, तिथं वाकून एक बाटली भरायची, तिच्यावर मालकाचं नाव चिकटवायचं आणि ग्रामपंचायतीच्या ओट्यावर मांडायची. सकाळपर्यंत गाळ खाली बसे. मग कोणाची माती किती गेली, ते सारं गाव वाचे.

माझ्या बाटलीत दोन बोटं गाळ बसला होता. मोर्शीकडच्या आमच्या गावात माझ्यासारखी पेरणीची तिफन धरणारा कोणी नाही, हे मी नाही म्हणत, लोकच म्हणतात. रस्त्यावर उभं राहून पाहावं : टेकडीपासून नाल्यापर्यंत तास कसं सुतासारखं सरळ! चौथी शिकलो, पण रेघ पट्टीशिवाय मारतो. अशा माणसाच्या नावानं चिखल मांडून ठेवला या गृहस्थानं.

मी तडक गेलो. "साहेब, हे काय लावलं?"

"तुमचं वावर आहे, आबाजी. नाल्याकडे चाललं होतं, मी वापस आनलं."

ओट्यावरचे रिकामटेकडे खो-खो हसले. माझं डोकं फिरलं. "तुमच्या घरी किती वावर आहे साहेब?"

"एक गुंठा नाही. माह्या बापानं जलमभर लोकायच्या वावरात मजुरी केली. माती त्याच्या पायाले लागली, नावाले नाही लागली. म्हनून ज्याच्या नावावर आहे त्यानं ती नाल्यात सोडली का मले राग येते."

मी आपला तंबाखू मळत बसलो.

त्यांचं म्हणणं एकच, पेरणी उताराला आडवी करा. "तुमी तास नाही काढत आबाजी, पान्याले सडक बांधून देता." बोलायला काय जातं! आडवं तास टेकडीच्या अंगानं वळतं, सापासारखं. रस्त्यावरून पाहणाऱ्याला वाटावं, बैलासकट धनी पिऊन आला. शेवटी त्यांची कटकट थांबावी म्हणून मी पुढच्या पेरणीला अर्धं वावर दिलं. अर्ध्यात त्यांचं वाकडं, अर्ध्यात माझं सरळ. तीन बांबूंची चौकट, मध्ये दोरीला टांगलेला दगड, असलं खेळणं घेऊन हा माणूस दोन दिवस पावलापावलानं समपातळी शोधत, चुन्याची रेघ ओढत फिरला. त्या रेघेवरून मी तिफन हाकली खरी, पण रस्त्याकडे पाठ ठेवून.

भर श्रावणात तीन आठवडे पावसानं दडी मारली. सरळ अर्ध्यातलं सोयाबीन दुपारी माना टाकू लागलं. वाकडं अर्धं तरतरीत. साहेब आले, वावराच्या कडेला धुऱ्यावर उभे राहिले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

"हवा चांगली सुटली आहे, आबाजी," म्हणाले आणि गेले. दुसरा असता तर भाषण ठोकलं असतं, ते मला परवडलं असतं. इतका खोचक माणूस मी पाहिला नाही.

सोयाबीनच्या सोंगणीआधीच त्यांची अकोटला बदली झाली. त्यांच्या जागी आलेले साहेब गाडीवरून न उतरता वावराचा फोटो काढतात. त्यांच्या राज्यात बांधाच्या आधी बोर्ड लागतो. असो. निघायच्या दिवशी गवई साहेब घरी आले. त्यांना एकच गोष्ट ऐकायची होती.

"पुढच्या साली कसं पेरसान?"

"आमच्या वावराचं आमी पाहू."

त्यांनी मान हलवली. चहा अर्धाच प्यायले.

पुढच्या साली मी घरचेच तीन बांबू तोडले, चौकट बांधली आणि सारंच्या सारं वावर आडवं पेरलं. उगवण झाली तशी रस्त्यावर ही गर्दी. शेजारचा महादेव डोळ्यांकडे बोट करून ओरडला, "काहून आबा, डोये गेले काय?"

"गेले बापा," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार होतो? गवईचं ऐकलं म्हणून?

आठ दिवसांनी अकोटहून फोन आला.

"आबाजी, तुमचे डोये गेले म्हनते लोक."

"हो साहेब."

"अर्ध्या वावरात गेले का पुऱ्या?"

"पुऱ्या."