कापराची डबी

आमच्या इलाहीबक्ष मामूंना मोडनिंबात सगळे भला माणूस म्हणतात. मीही म्हणायचो. गेल्या महिन्यात त्यांना मोटरसायकलवर बसवून करकंबला नेलं, तेव्हापासून तो शब्द माझ्या तोंडून निघत नाही.

मामू आणि करकंबचे धोंडीराम एकाच बोअरच्या गाडीवर कामाला होते. बावीस वर्षांपूर्वी इकडची कामं आटली, तेव्हा दोघं गोदावरीच्या मुखाकडं गेले, समुद्रकाठच्या सखल भातपट्ट्यात. तिथं एक कंपनी नव्यानं तेल आणि गॅस शोधत होती. साठ-सत्तर फूट भोक पाडायचं, तळाशी सुरुंग उडवायचा आणि त्याच्या हादऱ्यावरून साहेबलोकांनी जमिनीच्या पोटातलं ओळखायचं. यांचं काम फक्त भोकं पाडायचं. काय जपायचं, हे सांगायची तसदी कुणी घेतली नाही.

आपल्याकडं बोअरला पाणी लागलं की नारळ फोडतात, तोंडाशी कापूर लावतात. त्यासाठी धोंडीरामांच्या थैलीत कापराची डबी कायम असायची. एका सकाळी भोकातून पाणी बुडबुडत वर आलं. दुष्काळी मुलखातली माणसं ती, पाणी दिसलं की हात आपोआप जोडले जातात. धोंडीराम कापराची वडी घेऊन वाकले. काडेपेटी मामूंनी दिली. पाण्याबरोबर गॅस येत होता. भडका उडाला आणि तिसऱ्या दिवशी धोंडीराम दवाखान्यात वारले.

सुपरवायझरनं कागद तयारच ठेवला होता. मयत भोकाशेजारी बिडी ओढत होता, असं त्यात लिहिलं होतं. खाली साक्षीदार म्हणून मामूंनी सही केली. ज्यानं उभ्या जन्मात सुपारीचं खांडही तोंडात टाकलं नाही, त्याला मामूंनी बिडीबाज करून टाकलं. का? तर काडेपेटी कुणाची, हे कुणी विचारू नये म्हणून! पुढं त्याच पट्ट्यात गॅस सापडला, साहेबांच्या गळ्यात हार पडले. मला राग त्या हारांचा नाही. मामू दर दिवाळीला करकंबला जायचे, धोंडीरामांच्या बायकोच्या, मथुरावहिनींच्या हातचा चहा पिऊन परत यायचे, त्याचा आहे.

आता डॉक्टरांनी छातीचं काही खरं नाही म्हणून सांगितलं, तेव्हा कुठं मामूंना कंठ फुटला. मथुराबाईंच्या ओट्यावर बसून ते खालमानेनं म्हणाले, "वैनी, बिडी न्हवती. कापूर हुता. काडेपेटी माजी हुती. माफ करा."

मथुराबाई आत गेल्या आणि पत्र्याची एक डबी घेऊन आल्या. उघडून त्यांनी ती मामूंच्या पुढ्यात धरली. आत काहीच नव्हतं, कापूर कधीच उडून गेला होता.

"ह्यांची थैली तुमीच आनून दिली की, इलाहीभाऊ. त्यात ही हुती. बिडीचं बंडल न्हवतं. मला तवाच कळलं."

"मग बोलला का न्हाई?"

"माजं कोन खरं मानतंय? तितं तुमी हुता. दर दिवाळीला वाटायचं, ह्या टायमाला सांगत्याल. मामंजी तुमच्याम्होरं बसून रडायचं, पोरगं बिडीपायी जळालं म्हनून. तुमी च्या पीत ऐकायचा."

मामूंना हुंदका आला. "आता सांगतो, वैनी. चार मानसांत, चावडीवर सांगतो."

"मामंजी गेलं. ह्यांना वळखनारं गावात कोन ऱ्हायलंय? कुनाला सांगताय?"

त्यांनी डबी मिटली आणि आत गेल्या. चहाचं विचारलं नाही. मी मामूंना हाताला धरून उठवलं. मोडनिंबपर्यंत ते माझ्या पाठीशी रडत होते आणि मी एकदाही गाडी थांबवली नाही.