राहत्या घराचीच सबसिडी

मंडळी, इथे मी फारसं लिहीत नाही. आज लिहावंसं वाटलं.

इथे जपानमध्ये, चिबामधलं आमचं नवं घर बांधून तयार आहे. छपरावर सोलर पॅनेल बसले ते माझ्या पत्नीच्या, मीराच्या हट्टामुळे. भूकंपानंतर वीज जायची तेव्हाच तिने ठरवलं होतं. घर पूर्ण व्हायच्या आधी ती गेली.

आज पॅनेलच्या सबसिडीचा अर्ज द्यायला नगरपालिकेत गेलो. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "तुमचा पत्ता अजून जुनाच आहे. त्या घरात राहत असाल तरच सबसिडी मिळते. मार्चअखेरपर्यंत राहायला जाल ना?"

मी सांगितलं, पत्नी वारली, आमच्यात वर्षाच्या आत गृहप्रवेश करत नाहीत. त्यांनी मान खाली घातली. "वर्षभर आम्हीही शुभकार्य करत नाही. पण नियमात तशी सवलत नाही. माफ करा."

बाहेर येऊन पुण्याला आईला फोन केला. वर्षभर थांबायचं तिनेच बजावलं होतं. तिला सबसिडीचा नियम सांगितला. ती म्हणाली, "अरे, वास्तुशांत नको, कुणाला बोलावू नकोस. पण तू राहायला जा. तिने हौसेने बांधलेलं घर बंद ठेवून कुणाचं भलं होणारे?"

मी हो म्हणालो. फोन ठेवल्यावर कळलं, इतके दिवस मी आईचं नाव पुढे करत होतो. आता अडवणारं कुणी नाही, तरी त्या घरात एकट्याने पाऊल टाकवत नाही.

तुमच्यापैकी कुणी असं एकट्याने नव्या घरात गेलंय का? पहिला दिवस कसा काढलात?