सव्वादोनचं माप

"ताई, हात सैल सोडा."

ओतूरच्या एसटी स्टँडजवळचे कासारकाका बांगड्या भरताना दिवसातून शंभर वेळा हे म्हणत. समोरच माझं फॉल-पिकोचं दुकान, त्यामुळे त्यांचं गिऱ्हाईक मला फुकटात बघायला मिळे.

तुम्हीही बघितलं असेल, लग्न ठरलेल्या पोरी बांगड्यांपेक्षा मोबाईलकडे जास्त बघतात. रंग 'त्याला' विचारून ठरतो. चाळिशीच्या बायका म्हणतात, कुठल्याही द्या, आमच्याकडे लक्ष असतं कुणाचं! साठीच्या मात्र हात मऊ सोडून निवांत बसतात, म्हातारा बाहेर पिशवी धरून उभा.

"ईस वर्साच्या पोरीला वाटतं, घट्ट धरलं म्हंजी टिकतं," काका म्हणत. लग्नाआधी मूठ आवळून मी त्यांच्याकडे चार बांगड्या फोडल्या होत्या, तेव्हा टोमणा मलाच होता.

काकांची बायको जाऊन दहा वर्षं झाली होती. स्वतःचा विषय निघाला की ते चहा मागवत.

शिनोलीच्या एक निवृत्त अंगणवाडीताई दर दिवाळीला येत. नवरा केव्हाच गेलेला, हात मोकळे. सुनेसाठी म्हणून हिरव्या बांगड्या नेत, सव्वादोनच्या मापाच्या. एकदा सून स्वतःच आली आणि तिला लागली अडीचची. काकांचा चहा तसाच गार झाला. ताई इतकी वर्षं स्वतःच्याच मापाच्या नेत होत्या, आणि घालत नव्हत्या.

पुढच्या दिवाळीला ताई आल्या तेव्हा मी मशीन बंद केली, खोटं कशाला सांगू. काकांनी बांगड्या कागदात बांधल्याच नाहीत. स्टूल पुसून पुढे केलं.

"सुनंचं माप अडीच हाय. ह्या तुमच्या हायेत. भरू का?"

भर बाजारात, विधवेला. ताईंनी रस्त्याकडे एकदा बघितलं आणि हात पुढे केला.

पण चाळीस वर्षं बांगड्या भरणारा हा कसबी माणूस, त्याच्या हातून पहिली फुटली, दुसरीही फुटली. बांगडी त्यांनीच आवळून धरली होती.

ताई हसल्या. "अहो, हात सैल सोडा की तुमी."

तिसरी अलगद गेली. मी इकडे पदराने डोळे पुसले.

आता काका शिनोलीला असतात, ताईंच्या घरी. दुकानाला कुलूप आहे. परवा माझ्या लेकीच्या लग्नाच्या बांगड्या भरायला दुसरीकडे गेलो. तिनेही मूठ आवळली, आणि त्या दुकानदाराने सरळ साबण काढला. मला काकांची फार आठवण आली. मग तिची मूठ मीच हातात घेऊन बसले, उघडेपर्यंत.