कोपऱ्यापासून सुरुवात

अंगणवाडीत पाऊल टाकलं की मावशी आधी कोपऱ्यात जायच्या. वाटेत एक गोरा, गुबगुबीत, कुरळ्या केसांचा मुलगा हात पसरून उभा असे. त्याला वळसा घालून त्या एखादं शेंबडं पोर उचलत.

"त्याच्यावर राग आहे का, मावशी?" मी विचारायचे.

"राग कशाचा? त्याला लई जन हायेत, बाई."

पाथर्डीकडच्या आमच्या गावात मी सेविका, त्या मदतनीस. बारा वर्षं खिचडी त्यांनी शिजवली, तरी पर्यवेक्षिका मॅडम दर भेटीत विचारत, "या नवीन का?"

"व्हय मॅडम, कालच आले," मावशी गंभीरपणे सांगत. मॅडम मान डोलवून गोऱ्या मुलाला मांडीवर घेत. मग फोटो निघे.

एका वर्षी अर्धं गाव ऊसतोडीला गेलं आणि तीन वर्षांची एक मुलगी आजीजवळ मागे राहिली. काळीसावळी, अबोल, नाक कायम वाहतं. दाराशी बसायची. रडायचीही नाही. एका सकाळी मावशी तिला घेऊन माझ्यापुढे उभ्या राहिल्या.

"हिचं वजन करा."

"गेल्याच आठवड्यात सगळ्यांची केली की."

"कडेवर हलकी लागती. करा तुमी."

मी रजिस्टर काढलं. हजेरीत ती होती. वजनाच्या रकान्यात तिच्यापुढे काहीच नव्हतं. आधीच्या महिन्यातही नव्हतं. गोऱ्या मुलाचं वजन मात्र मला न बघता सांगता आलं असतं. तुमच्याही हातून असं होत असेल. एकदा तपासून बघा.

काट्यावरचा आकडा वयाच्या मानानं फारच कमी होता. मावशींनी बोल लावला नाही. "जीप मिळंल अजून," एवढंच म्हणाल्या. आजीला घेऊन आम्ही तालुक्याचा दवाखाना गाठला. डॉक्टर मला म्हणाले, "वेळेत आणलीत." मी मावशींकडे बोट दाखवलं.

मुलगी आता पहिलीत आहे. फार बोलते.

मावशी निवृत्त होऊन खर्ड्याला लेकीकडे गेल्या. नव्या मदतनीस बाईंनी विचारलं, "दिसायला कशा होत्या त्या?" त्यांचं चालणं आठवलं, भाजलेली बोटं आठवली, चेहरा सांगता येईना. मोबाईलमधले फोटो काढले. सगळ्यांत मावशी मागे उभ्या, आणि प्रत्येक वेळी कडेवरच्या लेकराचं डोकं त्यांच्या तोंडापुढे आलेलं.

मोबाईल ठेवला. वजनाचा दिवस होता. काटा उचलून मी कोपऱ्यात नेला. एक देखणं पोर हात पसरून वाटेत उभं होतं.

त्याला म्हटलं, थांब.