जोडी जमलेली असताना

बेरिल ट्रेगर जागेवरून उठत नसे. एरवी उठायची, फ्लास्कमधला चहा संपला की दोनदा उठायची. पण आपल्या काउंटीच्या फलंदाजांची जोडी मैदानावर एकदा जमली की नाही. तिच्या आजूबाजूचे म्हातारे मेंबर त्याच जातीचे होते. जोडी टिकली की ज्याने पाय दुमडला असेल त्याने तो दुमडलेलाच ठेवायचा, ज्याने टोपी काढली असेल त्याने उन्हात भाजून घ्यायचं. तुमच्या बुडाचा आणि त्या पोराच्या बॅटीचा संबंध काय, असं कुणी शहाण्याने विचारलं तर त्याला उत्तर मिळत नसे, आणि पुढच्या सामन्याला शेजारी जागाही मिळत नसे.

ती जन्मली मैदानामागच्या विटांच्या घरांच्या रांगेत. वडील मैदानावर रोलर ओढायचे, आणि तिला व तिच्या धाकट्या भावाला, डेनिसला, गवतावर सोडून द्यायचे. पुढे शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे उकडण्यात बेरिलचं आयुष्य गेलं. मध्ये एकदा लग्न झालं, ते फार टिकलं नाही, आणि त्याबद्दल ती बोलतही नसे. बोलायची ती दोनच गोष्टींबद्दल, क्रिकेट आणि डेनिस. अलीकडे काही वर्षं फक्त क्रिकेट.

त्याचं कारण सगळ्या गावाला ठाऊक होतं. चार दिवसांचा सामना होता, शेवटची जोडी खेळत होती, जिंकायला थोड्याच धावा हव्या होत्या. लाउडस्पीकरवरून आवाज आला, की मिसेस ट्रेगर यांनी ताबडतोब फाटकावर यावं. आई हॉस्पिटलात होती, म्हणजे काय ते तिला कळायला हवं होतं, आणि कळलंही. पण ती मनाशी म्हणाली, एवढी ओव्हर होऊ दे. मग पुढची. शेवटी काउंटी जिंकली आणि बेरिल पळत सुटली. वॉर्डच्या दारात डेनिस उभा होता. "जिंकलो का?" त्याने विचारलं. ती हो म्हणाली. आई अर्ध्या तासापूर्वी गेली होती. त्यानंतर डेनिस तिच्याशी एक शब्द बोलला नाही.

क्रिकेट मात्र दोघांनीही सोडलं नाही. ती चर्चच्या बाजूला बसे, तो पार समोर नदीच्या बाजूला, आणि मधल्या हिरवळीवरून ती त्याची फिकट टोपी बघत असे. असे कितीतरी उन्हाळे गेले.

आणि या जूनमध्ये पाववाल्याच्या दुकानात तिला कळलं, की डेनिसने घर विकलं, रविवारी तो ऑस्ट्रेलियाला मुलीकडे चालला, कायमचा. ती दोनदा त्याच्या दारापर्यंत जाऊन आली. पडदा हलला, दार उघडलं नाही. मैदानाला दार नसतं, असा विचार करून ती शुक्रवारी संध्याकाळी वीस षटकांच्या सामन्याला आली. या सामन्यांना ती सर्कस म्हणायची. भोंगे, रंगीत कपडे, बिअर सांडणारी पोरं. पण समोर फिकट टोपी होती.

पाहुण्यांनी धावा बऱ्याच केल्या. मधल्या सुटीत बेरिल निर्धाराने उठली, आइस्क्रीमच्या गाडीपर्यंत गेली, एक आइस्क्रीम खाल्लं आणि परत आली. एवढंच धैर्य झालं. विकेट पडली की जाऊ, असं तिने ठरवलं. काउंटीने सुरुवात नेहमीसारखीच रडकी केली, दोन फलंदाज आले तसे गेले, तिसरा धावबाद झाला. प्रत्येक वेळी ती उठायची तयारी करी आणि प्रत्येक वेळी फ्लास्कमधला चहा ओतून घेऊन बसून राही. आणि जेव्हा खरोखर मनाची तयारी झाली, तेव्हा जोडी जमली. खाटकाचा टोबी, जो तिच्या हातचे बटाटे खाऊन मोठा झाला होता, आणि उन्हाळ्यापुरता आणलेला एक उंच डावखुरा.

संध्याकाळ लांबत चालली होती. पाकोळ्या नदीवरून येत, मैदानभर भिरभिरत आणि परत जात. ऊन गवतावर आडवं झालं, आणि त्यात पांढरा चेंडू कुणी हवेत ठेवून दिल्यासारखा दिसे. भोंगे वाजत होते, पण बेरिलला ते लांबून ऐकू येत होते. टोबी मारत होता, सगळं गाव नाचत होतं, आणि ती मांडीवर हात ठेवून बसली होती. डेनिस नेहमी शेवटची ओव्हर सोडून बस पकडायला निघतो, हे तिला माहीत होतं. समोर त्याने रेनकोट घडी करायला घेतला.

बेरिल उठली.

"खाली बस, बेरिल," मागून म्हातारा पोकॉक म्हणाला. त्याच्या आवाजात खरीच भीती होती.

"बसते. पलीकडे."

ती कुंपणाच्या कडेने चालू लागली. पाठीमागे आता ओरडा होणार, विकेट जाणार, म्हणून तिने खांदे आवळून घेतले होते. ओरडा झाला, पण आनंदाचा. चेंडू तिच्या डोक्यावरून कुठेतरी टपरीवर पडला. ती चालत राहिली. गोलंदाजाच्या मागच्या बाजूला, साइटस्क्रीनच्या पडद्यापाशी, सवयीने थांबली; फलंदाजाचं लक्ष जाऊ नये म्हणून ओव्हर संपेपर्यंत तिथून कुणी हलत नाही. समोर टोबी लहानसा दिसत होता. बॅट आधी फिरायची आणि आवाज मागाहून यायचा, जणू सगळं कधीतरी होऊन गेलेलंच आहे. वडिलांचा रोलर याच बाजूने जायचा. एक धाव. चौकार. पुन्हा एक.

ती उठली, तरी काहीच होत नव्हतं. आधी तिला हायसं वाटलं. मग तिला त्या दिवशीची शेवटची जोडी आठवली. मैदानावरचे ते दोघे आपले आपण खेळत होते, बेरिल बसली काय आणि उठली काय. ती रडत रडतच पुढे निघाली.

डेनिस रेनकोट हातावर टाकून उभा राहिला होता. त्याने तिला पाहिलं, मग स्कोअरबोर्डकडे पाहिलं.

"जोडी चालू असताना उठलीस?"

"उठले."

"आणि काही झालं नाही."

"काहीच झालं नाही, डेनिस. त्या दिवशीही झालं नसतं." तिला पुढचं नीट बोलता येईना. "मी गेले असते तरी ते जिंकलेच असते. आई भेटली असती मला."

डेनिसने पुलाकडे पाहिलं, जिथून बस यायची. मग त्याने रेनकोट बाकाखाली टाकला आणि थोडा सरकला.

"बस इथं," तो म्हणाला. "आणि सामना संपेपर्यंत हलू नकोस."

ती बसली. पुढच्याच चेंडूवर टोबीची मधली यष्टी उडाली. दोघांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं, पण बाक हसण्याने हलत होता. काउंटी तीन धावांनी हरली. पोरं गवतावर धावली, माणसं पांगली, बस पुलावरून निघून गेली. सामना कधीच संपला होता. दोघांपैकी कुणीच उठलं नाही.