कोरी काच

"अल्लाडब्याड्री! हलू नका. काचंला खोटं बोलता येत न्हाई!"

कॅमेऱ्याच्या काळ्या फडक्याखाली डोकं घालण्याआधी फोटोवाले अण्णा प्रत्येकाला हे बजावत, कानडीत एकदा आणि मराठीत एकदा. मूळ गाव कानडी मुलखाला लागून असलेलं मैंदर्गी, त्यामुळे जीभ दोन्हीकडे चालायची. त्या काळी सोलापुरात तुम्ही फोटो काढून घेतला असेल, तर मान आखडून बसल्याचं आठवतच असेल.

मी शाळामास्तर, त्यांच्या दुकानावरच्या माडीत राहायचो. तेव्हा फोटो आधी काचेवर उलटा उमटे, पांढरं काळं आणि काळं पांढरं; ती काच ते कधी फेकत नसत. जुनी झाली की सोड्याच्या पाण्यात भिजवायची, वरचा थर खरवडायचा आणि कोरी काच देवाच्या तसबिरीला बसवायची. "गल्लीतले निम्मे देव नवरानवरीच्या आड बसलेत," म्हणून मी त्यांना चिडवत असे.

मग तीस सालचा तो लष्करी कायद्याचा उन्हाळा आला. डोक्यावर खादीची पांढरी टोपी दिसली की शिपाई माणूस उचलत. रस्ते कधी नव्हे इतके स्वच्छ झाले, कारण घाण करायला रस्त्यावर कुणी उरलंच नव्हतं. मला त्या स्वच्छतेची फार भीती वाटायची.

अशाच एका भर दुपारी अण्णा एकदम म्हणाले, "चला मास्तर, तळ्याकडचे फोटू काढू."

"या उन्हात?"

"ऊन हाय म्हणूनच की!"

कॅमेरा त्यांनी घेतला आणि पिशवी माझ्याकडे दिली. आतल्या डब्यात सोड्याचं पाणी हिंदकळत होतं. चौकात बंदूकवाल्या गोऱ्याने आम्हाला अडवलं, पिशवीकडे बोट दाखवलं. अण्णांनी लवून सलाम केला आणि कॅमेऱ्याची तिपाईच उभी केली. गडी खूश! छाती काढून उभा राहिला. "अल्लाडब्याड्री!" अण्णा त्याच्यावर खेकसले, आणि तो खरंच हलला नाही. पिशवी मग त्याच्या ध्यानातच राहिली नाही. मला हसू फुटणार होतं, पण अण्णा तिपाई मिटून भराभर चालू लागले.

सिद्धेश्वराच्या तळ्यावर चिटपाखरू नव्हतं. पायरीवर बसून त्यांनी डब्यातून एक काच काढली, उन्हाकडे धरली. दुकानासमोरून गेलेली मिरवणूक होती ती. काचेवर टोप्या काळ्या आणि चेहरे पांढरेफटक, मेल्यासारखे. मधोमध झेंडा धरून माझा धाकटा भाऊ.

मी मागे वळून रस्ता पाहिला.

"पोलीस हीच मागाय आले हुते. दुकानावर पाळत हाय, उद्या झडती हाय," अण्णा म्हणाले. "काचंला खोटं बोलता येत न्हाई, मास्तर. मग तिनं बोलूच नये."

ते चाकूने खरवडू लागले. एकेक चेहरा पाण्यात गेला. माझ्या भावाचा त्यांनी सगळ्यांत शेवटी ठेवला.

"लई देखणी पोरं हुती वो," ते पुटपुटले आणि त्यांनी डोळे पुसले.

संध्याकाळी ती काच त्यांनी माझ्या माडीतल्या, आमच्या ग्रामदेव सिद्धरामाच्या तसबिरीला बसवली. दुसऱ्या दिवशी झडतीत काही सापडलं नाही, म्हणून पोलिसांनी अण्णांनाच नेलं. ते परत आले नाहीत. कुठे गेले, याचं उत्तर आम्हाला कुणीही दिलं नाही.

भाऊ वाचला. आता त्याचेही केस पिकलेत. दर सोमवारी तो ती तसबीर पुसतो. पुसून झाली की काचेत त्याचा चेहरा उमटतो, आणि कुणी न सांगताही तो क्षणभर हलत नाही.