पुढच्या सीटवरचा दिगंबर

दिगंबर गेल्याचं त्याच्या मुलानं फोनवर सांगितलं. "अंकल, पापा नहीं रहे." निशातगंजला मराठी मंडळींनी ठेवलेल्या शोकसभेत सगळे चांगलंच बोलले. चहाच्या वेळी मात्र कुणीसं हसत म्हणालं, "कंपनीची गाडी साहेबांनी मनसोक्त फिरवली हं. टॅक्सची नोटीस यायच्या आत सुटले." मी कप धरून गप्प उभा राहिलो. म्हणून आता लिहितो आहे.

आम्ही एकाच कंपनीत होतो. तो इंजिनिअर, मी अकाउंट्समध्ये. गाडी त्याला मिळालेली आणि तिच्यासाठी त्याचा एक स्वतःचाच नियम होता. कंपनीचं काम असलं की मागे बसायचं, खाजगी असलं की पुढे, ड्रायव्हरशेजारी. आणि गाडीच्या वहीत नोंदही तशीच करायची; खाजगी फेऱ्यांवर त्याला टॅक्स पडायचा. माझी बायको सुमन आजारी पडली तेव्हा छावनीपलीकडच्या हॉस्पिटलात तिला तोच न्यायचा. मागे आम्ही दोघं, पुढे तो. "खाजगी लिहू नकोस," मीच म्हटलं, "उगाच तुझा टॅक्स वाढेल. ऑफिस लिही, तपासणारा मीच आहे." तो म्हणाला, "तू म्हणतोस म्हणून हं, विनायका." लिहिलं ऑफिस, पण बसला पुढेच.

सुमन गेली. आम्ही निवृत्त झालो. मग पेन्शनरांत कुजबुज सुरू झाली, गाडीच्या खाजगी वापराचा मागचा टॅक्स आता वसूल करणार म्हणे. दिगंबर रोज संध्याकाळी फोन करायचा. "तू अकाउंट्सवाला, सांग ना यार. माझ्यामागे शैलाला तर त्रास नाही ना देणार?" इतकी जुनी वर्षं कुणी उकरत नाही, हे मला ठाऊक होतं. पण सांगायचं तर त्या फेऱ्यांविषयी बोलावं लागलं असतं, सुमनविषयी बोलावं लागलं असतं... "बघतो," म्हणायचो. पुढे पुढे फोन उचलणंच टाळलं. शेवटी एकदा उचलला, तर त्यानं टॅक्सचं काढलंच नाही. एवढंच विचारलं, "जेवलास का रे?" हल्ली संध्याकाळी फोन वाजत नाही.

तर, त्या फेऱ्या माझ्या होत्या. खोटं मी लिहायला लावलं.

हेच सांगायला काल आलमबागला शैलावहिनींकडे निघालो. ई-रिक्शा रिकामीच होती. "बाबूजी, पीछे आराम से बैठिए," रिक्शावाला म्हणाला.

"नहीं भैया," म्हटलं आणि पुढे त्याच्याशेजारी बसलो. काम खाजगी होतं.